घाम सुकायच्या आत

चैत्र लागला की आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. पाण्याच्या टँकरवरून वर्षातलं पहिलं भांडण होतं, आणि माझा नातू ओंकार स्वतःच्या दंडांकडे नव्याने लक्ष द्यायला लागतो. थंडीत तेच दंड त्याला चालत असतात. बाह्या आखूड झाल्या, दोन-चार लग्नांच्या पत्रिका आल्या, की मुलगा सकाळी उठून जिमला. तिथून परत येतो तो लिफ्ट सोडून जिन्याने, दोन-दोन पायऱ्या गाळत, आणि दारातूनच सांगतो, "आजी, बाजूला हो. बारा मिनिटं राहिलीत."

पहिल्या दिवशी मला वाटलं कुठे गॅस गळतोय. मी चष्मा, पासबुक आणि औषधांची पिशवी उचलून दारात उभी राहिले. हा आपला स्वयंपाकघरात जाऊन एका झाकणाच्या पेल्यात पांढरी भुकटी घालून ती खुळखुळ्यासारखी हलवत होता.

"व्यायाम झाला की अर्धा तास विंडो ओपन असते, आजी," त्याने घोट घेता घेता मला शिकवलं. "तेवढ्यात प्रोटीन गेलं तर मसलला लागतं. नंतर गेलं तर टोटल वेस्ट."

"आणि खिडकी बंद कोण करतं?"

"बॉडी."

मग प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडांची माळ कशी असते, त्यातली नऊ आपलं शरीर स्वतः कशी बनवत नाही, ती बाहेरून कशी आणावी लागतात, हे त्याने मला डब्यावरचं वाचून दाखवलं. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. 'शरीराची वाढ करणारे अन्न' या धड्यात डाळ, दूध, अंडी आणि मासे यांची चित्रं असायची, आणि वर्गातली निम्मी मुलं चित्रातला मासा ओळखून तो कसा करायचा हेही सांगायची. त्यामुळे माळेचं मला नवल वाटलं नाही. खिडकीचं तर मुळीच वाटलं नाही. आमच्या वेळी ते दार होतं, एवढाच काय तो फरक.

तो डबा, ती घाई आणि मानेवरून ओघळणारा त्याचा घाम पाहिला, की मला दादूसचा तो उन्हाळा आठवतो. आमच्याकडे थोरल्या भावाला दादूस म्हणतात. माझ्या दादूसचं नाव बाळाराम. तो तेव्हा बावीस वर्षांचा, मी सतरा. तेव्हा मास्तरकीला पुरायची ती सातवीची फायनल पास होऊन मी घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीला कोणतंही काम सांगता येतं अशी सगळ्यांची समजूत होती.

तेव्हाचं आमचं बोनकोडे गाव म्हणजे खाडी, बांध, भातखाचरं आणि मिठागरं. आता जिथे एटीएम आहे तिथे आमची तालीम होती, हे मी ओंकारला चार वेळा सांगितलं आहे, आणि तो चारही वेळा "हो का?" म्हणाला आहे. तालीम म्हणजे कुडाची एक खोपी. आमची माती काळी, खारट आणि चिकट. तिच्यात पडलेला माणूस चीत झाला की रुतला हे पंचांना कळलं नसतं. म्हणून डोंगराच्या पायथ्याची तांबडी माती बैलगाडीतून आणून हौदा भरला होता. तिच्यात तेल, हळद आणि ताक घालून ती मळायची. ताकाची कासंडी घरातून निघाली की आई चुलीपुढे पुटपुटायची, "मातीला ताक नि मानसांना पेज."

भात झोडून झालं की गावातली माणसं मिठागरात जायची. आईसुद्धा. सकाळी भाकऱ्या थापून ती मीठ वाहायला जायची ते दुपार टळल्यावर यायची. डोक्यावर टोपली, पायाखाली खारट चिखल, आणि बांधापर्यंतच्या खेपा किती झाल्या हे मुकादमाला ठाऊक. दादूस तालमीत आणि आई मिठागरात. आमच्या घरात वजन उचलणारी दोन माणसं होती, पण व्यायाम मात्र एकटा दादूस करतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

चैत्री पुनवेला रस्त्यापलीकडच्या डोंगराखाली देवीची जत्रा भरायची, आणि जत्रेत कुस्त्या. लागोपाठ तीन वर्षं दादूस तिथे महाप्याच्या हसुरामकडून चीत झाला होता. हसुराम कोणी राक्षस नव्हता. मान थोडी जाड, स्वभाव गरीब. दादूसला पाडल्यावर तोच हात देऊन उठवायचा, पाठीवरची माती झटकायचा आणि आईबाबांची खुशाली विचारायचा. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

तिसऱ्या वर्षी जत्रेतून येताना बाबा काही बोलले नव्हते. बोलले ते चौथ्या वर्षी, माघात, जेवताना. "यंदा हसुरामला पाडलास त तालीम तुजी. नाय पाडलास त लालबागला मामाकडं जायचा, गिरनीत. मामानी जागा बघून ठेवलीय."

दादूसने भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. त्याला गिरणीची भीती नव्हती. कामचुकारही तो नव्हता. पण पहाटेची ती ओली तांबडी माती पायाला लागली की त्याच्या तोंडावर जे यायचं ते दुसऱ्या कशाने येत नसे, भात उत्तम पिकलं तरी नाही. ती माती सुटणार या विचाराने तो त्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीजवळ बराच वेळ बसला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "बाय, मी शहरात काय करू गं?" आजही मला त्याचं ते तोंड आठवलं की वाईट वाटतं.

मग वस्ताद आले. वस्ताद मूळचे माणदेशातले. तिकडे तरुणपणी कुस्त्या केलेल्या, आणि आता मिठागराचे राखणदार म्हणून इकडे नुकतेच आलेले. माणदेशात पाऊस पडत नाही आणि इकडे हवाच पिळता येते, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून आमच्या गावावर नाराज होते. पण पोराचं अंग पाहून त्यांना राहवलं नाही. दादूसच्या पाठीवर थापा मारून त्यांनी निदान केलं. "जोर झकास हायत. बैठका झकास. खुराकाची येळ चुकतीया."

आम्ही सगळे ऐकायला बसलो. वस्तादांनी मांडी बदलली.

"जोर-बैठका मारल्या का अंगातून घाम निगतुया. म्हंजी अंगाची दारं उगडी झाली. त्यो घाम सुकायच्या आत खुराक पोटात गेला पायजे. घाम सुकला, का दार बंद. मग बदाम खा न्हाईतर बाभळीची साल खा, सारकंच."

ओंकार म्हणतो ते याहून वेगळं काय आहे? वस्तादांकडे मोबाइल नव्हता, एवढंच.

खुराक ठरला. म्हशीचं दूध, दोन अंडी, भिजवलेले हरभरे. माशांवर वस्तादांचा विश्वास नव्हता. "ज्याला पायच न्हाईत त्यो बैठका काय मारनार, आन त्येला खाऊन ह्यो काय मारनार?" आई पुरुषमाणसांसमोर बोलत नसे, पण चुलीकडे तोंड करून बोललेलं बाहेर ऐकू गेलं तर तिचा इलाज नव्हता. "चिंबोरीला धा पाय हायत. ती देऊ का इचारा." वस्तादांनी थोडा वेळ विचार केला. पायांच्या हिशोबात त्यांना चूक सापडेना. शेवटी चिंबोऱ्या, त्यांच्या मागोमाग बारीक कोळंबीसारखा जवळा, आणि अर्धवट पाय असल्यासारख्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, असे सगळे खुराकात आले.

माझ्याकडे परीक्षकाचं काम आलं. व्यायाम संपला की दादूसच्या पाठीवर हात ठेवायचा आणि घाम आहे की सुकला ते सांगायचं. पहिल्या दिवशी मी हात ठेवला. पाठ ओली. दादूसने दूध प्यायलं, अंडी खाल्ली. पुन्हा हात. ओली. हरभरे संपले. ओली. वस्ताद खूश होऊन ड्युटीवर गेले. घटकाभराने बाबा शेतावरून आले, तर दादूस अंगणात बसून जवळा आणि भाकरी खात होता.

"अजून दार उगडाच हाय?" बाबांनी विचारलं.

मी हात लावून पाहिलं. उघडंच होतं.

चूक कोणाचीच नव्हती. माणदेशात माणूस जोर मारून उठेपर्यंत वारा त्याचा घाम नेत असणार. आमच्या खाडीकाठी फाल्गुनात अंगावर आलेला घाम कोणी घेऊन जात नाही. तो येतो आणि राहतो. दादूस सकाळी सहाला खायला बसायचा आणि पाठ सुकेपर्यंत, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत, नियमाने खायचा. कंटाळा करायचा नाही. उलट वाऱ्याची झुळूक आली की ताट उचलून भिंतीच्या आडोशाला जायचा, दार अवेळी बंद होऊ नये म्हणून. खाण्यानेही घाम यायचा, तिखटाने तर फारच. तेव्हा हा कसरतीचा घाम की कालवणाचा, असा प्रश्न बाबांनी वस्तादांना विचारला. त्यांच्या तालुक्यात हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता.

या सगळ्यात घरातलं दूध कुठे जायचं, अंडी कुठे जायची, ते मला माहीत होतं. कुठून यायची, तेही माहीत असायला हवं होतं. आई मिठागरातून येऊन सगळ्यांना वाढून शेवटी बसायची तेव्हा टोपात कालवणाचं पाणी असायचं. तुकडा नसायचा. "मना पान्यातच चव लागते," असं ती म्हणायची, आणि आम्ही ते खरं मानलं होतं. मी फायनलला गणितात पहिली आले होते. पण हे साधं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

तीन आठवड्यांत दादूसला पोट सुटलं. कमरेचा करगोटा काचायला लागला. वस्तादांनी डोक्याला हात लावला आणि बाबांनी सूत्रं हाती घेतली.

"घामाचा काय खरा नाय," बाबा म्हणाले. "पान्यावर ठेवा."

आमच्या गावात घड्याळ एकच होतं, ते शाळेत, आणि त्याचे काटे गुरुजींच्या सोयीने फिरत. बाकी गाव खाडीवर चालायचं. होडी कधी काढायची, जाळं कधी टाकायचं, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, सगळं भरती-ओहोटीवर. बाबांनी नियम केला. पाणी पूर्ण भरलं की जोर-बैठका सुरू. ओहोटी लागून बांधाजवळची खुंटी उघडी पडली की व्यायाम बंद, आणि खुराक. खुंटीचा माथा वाळायच्या आत खाणंही संपवायचं. घामापेक्षा खुंटी बरी, तिला कालवणाने घाम येत नाही. वस्तादांना हा नियम फार आवडला. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाटाला पाणी सोडतात तशी खाडीही रोज ठरल्या वेळेला सोडत असतील असा त्यांचा समज होता, आणि आम्हा कोणाला तो समज काढावा असं सुचलं नाही. पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं हे सांगायची गोष्ट आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं. सूर्य उगवतो हे कोणी पाहुण्याला सांगतं का?

पहिल्या दिवशी पाणी उजाडता उजाडता भरलं. वस्ताद हजर, दादूस हजर, सगळं झकास. चौथ्या दिवशी वस्ताद सहाला आले तर दादूस घोरत होता. "पानी अजून आला नाय," आईने आतून सांगितलं. वस्ताद बांधावर जाऊन चिखलाकडे पाहत बसले. आठव्या दिवशी भरती भर बारा वाजता आली. फाल्गुनाचं ऊन, खोपीत तापलेली माती, आणि दादूस बैठका मारतोय. अजून आठ दिवसांनी तिन्हीसांजेला जोर सुरू झाले. पुढची भरती रात्री येणार म्हटल्यावर रात्रीचं पाणी सोडून पुन्हा सकाळचं धरायचं ठरलं, त्यामुळे दादूसने एकदा संध्याकाळी जोर मारले आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी उजाडताच.

"तुमच्या खाडीला काय वळणच न्हाई," वस्ताद म्हणाले.

पण गंमत अशी की दादूसचं अंग भरत होतं. पोट गेलं, मांड्या दगडासारख्या झाल्या. बाबा म्हणायचे खुंटीमुळे. वस्ताद म्हणायचे चुना लावल्यासारख्या पांढऱ्या दुधामुळे. मला वाटतं, बावीस वर्षांच्या मुलाला दिवसाला एवढं खाऊ घातलं आणि एवढे जोर मारायला लावले, तर कोणत्याही वेळी केलं तरी तेच होणार. परवा ओंकारनेही खाली मान घालून कबुली दिली. नवा व्हिडिओ पाहिला म्हणे. "तसं काय अर्ध्या तासाचं टेन्शन नाय घ्यायचं आजी. दिवसभरात टोटल किती जातं ते मॅटर करतं." तरी तो जिना धावतच चढतो. एकदा लागलेली घाई शास्त्राने सांगून जात नाही.

जत्रेचा दिवस आला. पुनवेला आमच्याकडे पाणी दुपारी साडेबारा-एकला भरतं, हे बाबांच्या अंगात मुरलेलं. कुस्त्या एकला सुरू होणार होत्या. म्हणजे पाणी भरायला आणि दादूस हौद्यात उतरायला एकच गाठ, आणि खुंटी उघडी पडेपर्यंत कुस्ती संपून खुराक. असा योग पुन्हा येणार नाही म्हणून बाबा सकाळपासून मिशीत हसत होते. माझ्या हातात पितळी डबा. त्यात चार उकडलेली अंडी, हरभरे, तळलेल्या निवट्या, आणि वेगळ्या कासंडीत दूध. आई आमच्याबरोबर नव्हती. ती उजाडताच सुक्या बोंबलांची आणि जवळ्याची टोपली घेऊन जत्रेत विकायला गेली होती.

आम्ही बैलगाडी लावली, दादूसने लंगोट कसला, आणि कळलं की कुस्त्यांना नारळ फोडणारे पाहुणे अजून यायचे आहेत. एक वाजला. दीड झाला. दोन झाले. डोंगराखाली खाडी दिसत नव्हती, पण बाबांना दिसायची गरज नव्हती.

"खुंटी उगडी पडली असंल," ते अस्वस्थ होऊन म्हणाले. "दे त्याला खायला."

"कुस्तीआदी घास न्हाई," वस्ताद कडाडले.

"पानी कुनासाठी थांबत नाय, वस्ताद. येळ गेली त दोन महिन्याची मेहनत फुकट."

"भरल्या पोटानं उतरला तर पैल्या पटात वकंल."

दोघं डब्याच्या दोन बाजूंना उभे राहून वाद घालू लागले. माणसं जमली. कोणी पाण्याच्या बाजूने, कोणी पोटाच्या. हसुरामही येऊन उभा राहिला आणि वास घेऊन म्हणाला, "निवट्या हायत ना?" दादूसचं तोंड रडवेलं झालं होतं. खाल्लं तर ओकणार, नाही खाल्लं तर मेहनत फुकट, आणि दोन्हीकडून शेवटी लालबाग. मी डब्याचं झाकण धरून उभी. दूध उन्हाने नासायला आलेलं.

तेवढ्यात गर्दीच्या कडेने आई आली. टोपली अर्धी रिकामी झाली होती, उरलेली डोक्यावर होती. उजाडल्यापासून चालणं आणि उन्हात बसणं. पोलक्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. एवढी माणसं का जमली आहेत म्हणून ती घाबरून पाहत होती.

दादूसने तिच्याकडे पाहिलं. मग तो तिच्यापाशी गेला आणि मी त्याच्या पाठीवर ठेवायचे तसा, अगदी परीक्षकासारखा, त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ओली हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. माझ्या हातातून डबा घेऊन त्याने तो तिच्या हातात दिला. "आये, खा. नायतर वाया जाईल."

त्याच्या मनात त्या वेळी फार मोठं काही होतं असं मी म्हणणार नाही. नियम तर पाळायचा होता, खाणं तर नासत होतं, आणि नियमात बसणारं दुसरं माणूस समोर उभं होतं. वस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घाम होता, मेहनत होती, वेळ होती. त्यांच्याच शास्त्रात कुठे खोट निघेना.

आई लाजली. पुरुषांसमोर ती कधी पाणीही प्यायली नव्हती. पण दादूसने तिची टोपली उतरवली, तिला आमच्या गाडीच्या आडोशाला बसवलं आणि मला पुढे उभं केलं. मी पदर धरून आडोसा केला आणि मागे वळून पाहत राहिले. आईला अंडं खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पहिलं तिने चोरी केल्यासारखं खाल्लं. दुसऱ्याच्या वेळी मला विचारलं, "मीठ हाय?" दिवसभर मीठ वाहणाऱ्या बाईने मीठ मागितलं आणि मी ते आणलं नव्हतं. तिसरं, चौथं तिने सावकाश खाल्लं. निवट्यांचे काटे एकेक काढून बाजूला ठेवले. हरभरा एक ठेवला नाही. दूध पिऊन झाल्यावर तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली, आणि ती तशीच बराच वेळ डोंगराकडे पाहत बसली. मी मिशी पुसायला सांगितली नाही.

साडेचारला पाहुणे आले, पाचला दादूसची कुस्ती लागली. रिकाम्या पोटी, उलट्या पाण्यावर. हसुरामने पट काढला, दादूसने तोडला. दादूसने टांग मारली, हसुराम झाडासारखा उभा. अर्धा तास दोघं एकमेकांच्या मानेवर कपाळ टेकून उभे होते, जणू गुपित सांगताहेत. माती आणि घाम मिळून दोघांचा एकच रंग झाला होता. शेवटी पंचांनी दोघांचे हात वर केले. बरोबरी.

आम्ही गाडीपाशी आलो. मग बाबा म्हणाले, "पाडला नाय."

"पडला बी न्हाई," वस्ताद म्हणाले.

"मी बोललो व्हतो, पाडलास त."

"तीन साल पडलेलं पोरगं यंदा हुबं ऱ्हायलं, त्येचं काय?"

आणि पुन्हा दोन बाजू झाल्या. बरोबरी म्हणजे निम्मी जीत की निम्मी हार? निम्मा दादूस तालमीत आणि निम्मा गिरणीत पाठवता येईना. दादूस चाकाला टेकून खाली पाहत होता. त्याच्या मानेच्या शिरा अजून उडत होत्या. शेवटी बाबाच थकले आणि म्हणाले, "मना काय समजत नाय. पुडच्या सालापत्तर बघू, काय?"

"मना इचारा," आई म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. ती चुलीकडे तोंड करून बोलली नव्हती. बाबांकडे पाहून, वस्तादांच्या देखत बोलली होती. दादूसच्या तोंडावर एकदम उजेड आला. आई आहे म्हटल्यावर आता काळजी नव्हती. मलाही तसंच वाटलं. आई लेकराची बाजू घेणार नाही तर कोणाची?

"जाऊ दे त्याला गिरनीत," आई म्हणाली. "मी दमले."

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. भात संपलं आहे असं सांगावं तसं तिने सांगितलं. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात दमायचा दादूस. त्याच्या दमण्यावर खुराक ठरायचा, वेळ ठरायची, वस्ताद यायचे, खुंटी ठोकली जायची. आई दमते हे आमच्यापैकी कोणाला माहीतच नव्हतं, आणि तिनेही ते कधी कळू दिलं नव्हतं. बाबांनी मुंडासं काढून पुन्हा बांधलं. वस्ताद आपल्या वहाणांकडे पाहायला लागले.

मला आईचा राग आला होता, हे खोटं कशाला सांगू. दादूसच्या तोंडावरचा उजेड विझताना मी पाहिला होता. पण त्याला राग आलेला दिसला नाही. तो आईकडे पाहत राहिला, ओळखीच्या वाटेवरची खूण सापडू नये तसा. मग म्हणाला, "सोमवारी जातो." आणि खाली वाकून त्याने तिची टोपली उचलली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. पैलवानाच्या डोक्यावर बोंबलांची टोपली पाहून जत्रेतली पोरं हसली. हसुराम मात्र हसला नाही.

बाबा आणि वस्ताद गाडीत बसले. आई म्हणाली, मी चालते. म्हणून आम्ही तिघं चालत निघालो. दादूस पुढे, ताठ मानेने, टोपली जराही न हलवता. आई त्याच्या मागे. डोक्यावर काही नाही, काखेत काही नाही, हातात काही नाही. असं चालायची तिला सवय नव्हती. थोडा वेळ तिने पदराचं टोक धरलं, सोडलं. मग हात पाठीमागे बांधले, तेही तिला जमेना. शेवटी तिने ते नुसते खाली सोडले, आणि ते दोन्ही बाजूंना हलके हलके हलत होते.